आधी पाच, मग पंचवीस, मग सव्वाशे

आमच्या घरात छताच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढा पिवळसर डाग होता. पाऊस लागला की तो गडद व्हायचा, पाऊस संपला की फिका पडायचा, आणि फिका पडला की आम्हीही तो विसरून जायचो. चौथ्या वर्षी एका सकाळी तिथलं प्लास्टर पलंगावर कोसळलं. पलंगावर कोणी नव्हतं, म्हणून चादरीवर निभावलं. वर पाहिलं तर गंजून फुगलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. दुरुस्तीला आलेला गवंडी आधी गच्चीवर गेला. पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाईपच्या तोंडातून त्याने मूठभर कुजलेली पानं आणि माती काढली आणि काही न बोलता माझ्या हातावर ठेवली.

त्या मूठभर पानांनी एवढं नुकसान कसं केलं, हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. समजल्यावर मात्र घराकडे बघायची पद्धतच बदलली. देखभाल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाडलोट, रंगरंगोटी, कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल अशी कामं येतात. ती करावीतच. पण घराचं मोठं नुकसान बहुतेक वेळा एकाच गोष्टीपासून सुरू होतं, ती म्हणजे जिथे नको तिथे जाऊन थांबलेलं पाणी.

काँक्रीटच्या बांधकामांबद्दल अभियंते डी सिटर यांनी १९८४ मध्ये एक ढोबळ नियम मांडला. बांधतानाच काळजी घेण्याचा खर्च १ धरला, तर बिघाड सुरू होण्याआधी केलेल्या देखभालीला ५ लागतात, बिघाड सुरू झाल्यावर दुरुस्तीला २५, आणि तो पसरू दिला तर १२५. हे आकडे तंतोतंत घ्यायचे नाहीत, प्रत्येक घराला ते तसेच लागू पडतील असंही नाही. पण प्रत्येक पायरीला खर्च काही पटींनी वाढतो, ही चढण खरी आहे. ती एवढी उभी का, हे सळईच्या गोष्टीतून छान कळतं.

काँक्रीट दिसायला दगडासारखं, पण आतून ते सच्छिद्र असतं. त्यात गाडलेली लोखंडी सळई वर्षानुवर्षं गंजत नाही, ती सिमेंटमुळे. ताज्या काँक्रीटचा सामू, म्हणजे पीएच, १२.५ ते १३ च्या आसपास असतो. इतक्या तीव्र अल्कलीत सळईच्या अंगावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर बसतो आणि तोच तिला राखतो. दरम्यान हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेरून हळूहळू आत मुरत असतो आणि काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावून त्याची अल्कली संपवत जातो. जिथवर तो पोचला तिथवर सामू ९ च्या खाली उतरतो. ही सीमा सळईपर्यंत पोचली की राखणारा थर टिकत नाही. ही सीमा किती खोल गेली, हे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. त्यामुळे सळईवर १० मिलिमीटरऐवजी २० मिलिमीटर आवरण असेल, तर तिथे पोचायला दुप्पट नाही, साधारण चौपट वर्षं लागतात. बांधकामावरची माणसं ‘कव्हर’ पुरेसं सोडलंय का म्हणून जो वाद घालतात, तो याचसाठी.

थर गेला म्हणून लगेच गंज चढत नाही. गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. छत कोरडं असेल तर थर गेलेली सळईही खूप वर्षं शाबूत राहते. पाणी मुरू लागलं की मात्र गंज सुरू होतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा २ ते ६ पट जागा घेतो. ती जागा मिळवायला तो भोवतालचं काँक्रीट आतून रेटतो. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढीच असते. ते तडकतं. तडीतून पाणी आणखी आत जातं, गंज वाढतो, तडा रुंदावतो, आणि शेवटी आवरण सुटून खाली पडतं. सुरुवातीची वर्षं काहीच दिसत नाही, नंतर सगळं एकदम दिसतं. पाचाचे पंचवीस आणि पंचविसाचे सव्वाशे होतात ते या साखळीमुळे. पहिल्या कडीपाशी, म्हणजे पाण्यापाशी, थांबवलं तर पुढचं घडतच नाही.

वरून येणारं पाणी

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर, वजनात ५ टन. जोराच्या पावसात एवढं पाणी काही तासांत येतं आणि ते सगळं दोन-चार पाईपच्या तोंडांतून जायचं असतं. त्यातलं एक तोंड पानांनी बुजलं, तर उरलेलं पाणी गच्चीवर तळं करून बसतं. वाहून जाणारं पाणी तडीवरून पुढे सरकतं. साचलेल्या पाण्याला मात्र तडीत उतरायला सगळा दिवस असतो.

म्हणून वर्षातून एकच काम करायचं ठरवलं, तर मी गच्ची किंवा छपराची पन्हळ साफ करायला सांगेन. पावसाळी दिवस सुरू होण्याआधी एकदा आणि मध्ये किमान एकदा. जवळ झाडं असतील तर जास्त वेळा. जाळी बसवलेली असेल तरी ती उचलून आत हात घालून बघा, कारण जाळी पानं अडवते पण बारीक माती अडवत नाही. मग बादलीभर पाणी ओता आणि ते किती वेळात जातं ते पाहा. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही एखाद्या जागी पाणी दिसत असेल, तर तिथे उतार बिघडला आहे. त्या जागेभोवती खडूने रेघ मारून ठेवा म्हणजे दुरुस्तीच्या वेळी बोटाने दाखवता येईल.

गच्ची सपाट भागात क्वचित गळते. गळती बहुतेक सांध्यांत सापडते. गच्ची आणि कठडा मिळतात तो कोपरा, पाईप स्लॅबमधून आरपार जातो ती जागा, टाकीच्या खांबांचे पायथे, नंतर कोणीतरी अँटेना किंवा पॅनेल बसवायला पाडलेली भोकं. वॉटरप्रूफिंगचा थर ऊन आणि गारठ्यात रोज थोडा ताणला जातो, थोडा आक्रसतो. सपाटीवर तो ताण विभागला जातो, सांध्यावर एकाच रेषेत येतो. कुंड्या ठेवत असाल तर त्या थेट जमिनीवर न ठेवता खाली पाय द्या. कुंडीखालचा ओला गोल वर्षभर सुकत नाही, आणि मुळं थर भेदायला फारसा वेळ लावत नाहीत. भिंतीच्या फटीत उगवलेलं रोप दिसलं तर ते बोटाएवढं असतानाच मुळासकट काढायचं. वरचा शेंडा छाटला तर मूळ जाडच होत जातं.

उतरतं छप्पर असेल तर सरकलेली कौलं, खिळ्यांभोवती गंजलेले पत्रे, आणि छपराची दोन अंगं मिळतात ती खोबण, एवढं पाहावं. हे खालून दुर्बिणीने किंवा फोनच्या कॅमेऱ्याने झूम करूनही होतं. उंचावर चढायची सवय नसेल तर चढू नका. जिथे पाणी गोठतं अशा ठिकाणी तडा आणखी लवकर वाढतो. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि ज्या फटीत ते आहे ती फाकवतं.

छपरावरून उतरलेलं पाणी कुठे जातं, हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. पाईप भिंतीच्या पायाशीच संपत असेल तर ५,००० लिटर पाणी आपण स्वतःच पायाला पाजतो आहोत. जमिनीचा उतार घरापासून बाहेर हवा. चिकणमातीची जमीन असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि घराचा एक कोपरा तिच्याबरोबर वरखाली होऊ लागतो. पाईपला पुढे दोन-तीन मीटरचा तुकडा जोडून पाणी लांब सोडणं ही अगदी साधी गोष्ट आहे. पायाची दुरुस्ती तशी नाही.

ओल आली, पण कुठून?

भिंतीला ओल दिसली की आपण रंगवतो. मीही रंगवली आहे. सहा महिन्यांत रंगाचे पोपडे सुटतात, मग आपण अधिक महागडा, पाणी अडवणारा रंग लावतो, आणि ओल एक हात वर सरकलेली दिसते. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं असतं. ओल आलेली भिंत त्याच्या बऱ्याच खुणा देते.

ओल जमिनीलगत असेल आणि वर जाताना एका आडव्या, वेड्यावाकड्या रेघेपाशी थांबत असेल, तर पाणी खालून चढतं आहे. विटांमधल्या बारीक नळ्यांतून ते दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं चढतं, बहुतेक वेळा गुडघ्यापासून कमरेपर्यंत. पायथ्याशी असायला हवा तो ओल अडवणारा थर तिथे नसतो, खराब झालेला असतो, किंवा बाहेर मातीचा भराव त्याच्याही वर गेलेला असतो. शेवटचं कारण असेल तर उपाय फावड्याने होतो. अशा भिंतीवर पांढरी पूड दिसते, तो लोणा. पाण्यात विरघळलेले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागापर्यंत येतात, पाणी उडून जातं, क्षार उरतात. त्यांचे स्फटिक वाढताना रंगाला आणि प्लास्टरलाही आतून ढकलतात. वरून घट्ट रंग लावला तर पाण्याला बाहेर पडायची वाट बंद होते, आणि ते वर चढून दुसरी वाट शोधतं. म्हणून ती ओल एक हात वर सरकते.

ओल पावसाबरोबर वाढते-घटते, तर पाणी बाहेरून किंवा वरून येतंय. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत असेल तर खिडकीबाहेरच्या पट्टीचा उतार आणि चौकटीभोवतीची फट बघा. पाऊस असो-नसो, ओल सारखीच राहते, तर भिंतीतली पाण्याची नळी तपासा. आंघोळीनंतर काही तासांनी पलीकडच्या भिंतीवर किंवा खालच्या छतावर डाग गडद होतो, तर न्हाणीघराची फरशी किंवा तिचे सांधे.

आणखी एक शक्यता अनेकदा सुटते. पाणी कुठूनही गळत नसतं, घरातल्या हवेतली वाफच थंड भिंतीवर दव धरते. कपाटामागे, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, काळ्या ठिपक्यांची बुरशी दिसते ती बरेचदा यामुळे. ओळखायची एक सोपी युक्ती आहे. ओलसर जागेवर वीतभर ॲल्युमिनियम फॉइल सपाट ठेवून चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा आणि एक-दोन दिवस राहू द्या. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं, तर ते भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमलं, तर हवेतून. दुसरं असेल तर गवंड्याला बोलवायची गरज नाही. एक्झॉस्ट पंखा लावा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, ओले कपडे खोलीत वाळत घालू नका.

भिजलेली वस्तू लवकर वाळवणं हेही देखभालीतच येतं. गादी, लाकडी पाट्या, पडदे, जिप्समची पार्टिशनं २४ ते ४८ तासांत वाळली तर सहसा बुरशी धरत नाही. म्हणून घरात पाणी शिरलं तर आधी पुसणं, उघडणं, पंखे लावणं, आणि दोष कुणाचा हे नंतर.

नळांमधलं पाणी

पावसाचं पाणी अधूनमधून येतं. नळ्यांमधलं पाणी मात्र दिवसरात्र दाबाखाली उभं असतं, आणि एखाद्या सांध्यातून सुटलं तर आपण घरी नसतानाही सुटत राहतं.

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ घ्या. नळाचा थेंब साधारण पाव मिलिलिटरचा धरला तर दिवसात ८६,४०० थेंब, म्हणजे २१ लिटरहून जास्त पाणी. वर्षाला जवळजवळ ८,००० लिटर. हे डोळ्यांना दिसणारं गळणं. न दिसणाऱ्यासाठी, मीटर असेल तर, रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कोणी पाणी वापरण्याआधी पुन्हा पाहा. आकडा हलला असेल तर पाणी कुठेतरी चाललं आहे. पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्या. तिथलं गळणं भांड्याच्या कडेने इतकं शांत उतरतं की ऐकू येत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर गेलं आहे, आणि ते रबर बदलणं हे घरातल्या सगळ्यांत सोप्या कामांपैकी एक आहे. छतावरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्हही असाच छुपा. तो पूर्ण बंद होत नसेल तर जादा पाणी बाहेर काढणारी नळी थेंबथेंब भिंतीवर सोडत राहते आणि त्या भिंतीला शेवाळाची हिरवी पट्टी पडते.

बेसिनखाली, कमोडच्या मागे आणि वॉशिंग मशीनला लवचिक नळ्या असतात. त्यांच्यावर माझा सर्वांत कमी भरवसा आहे. आतलं रबर कडक होतं, वरची धातूची जाळी टोकाशी गंजते, आणि मग त्या गळत नाहीत, फुटतात. टोकाशी गंजाचा तांबूस डाग, फुगवटा किंवा घडी दिसली की नळी बदलायची, गळायची वाट पाहायची नाही. काही दिसत नसलं तरी पाचेक वर्षांनी बदलणं शहाणपणाचं. मशीनचा नळ वापर झाल्यावर बंद करायची सवय तर फुकटच आहे.

फरशीच्या सांध्यांबद्दल एक गोष्ट कळली की बराच त्रास वाचतो. दोन फरशांमधली सिमेंटची भरणी वेगळी आणि फरशी-भिंतीच्या कोपऱ्यातली भरणी वेगळी. कोपऱ्यात दोन पृष्ठभाग थोडे थोडे स्वतंत्र हलतात, म्हणून तिथे कडक भरणी तडकतेच. तिथे सिलिकॉन लागतं, आणि सिलिकॉन कायमचं नसतं. ते काळं पडून कडेला सुटलं की वरून नवं लिंपायचं नाही. जुनं पूर्ण खरवडून, जागा सुकवून मग भरायचं. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही.

न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरातही महिन्यातून एकदा मोरीत तांब्याभर पाणी ओता. जाळीखालच्या वाकड्या नळीत साचलेलं पाणी हेच खालच्या गटाराच्या वायूंना आणि झुरळांना अडवणारं दार असतं. ते वाळलं की दार उघडं.

आणि मुख्य व्हॉल्व्ह. तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, माहीत असलं पाहिजे. वर्षातून दोनदा तो बंद करून पुन्हा उघडा. क्षार धरल्याने वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह नेमका नळी फुटलेल्या रात्री हलत नाही. तेव्हा जोर लावला तर दांडा तुटून हातात येतो.

पाणी तापवणाऱ्या टाकीत मॅग्नेशियमची किंवा ॲल्युमिनियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीचं पोलाद वाचवते. कांडी संपली की पाण्याला टाकीच उरते. दर दोनेक वर्षांनी ती तपासून घ्यावी, पाणी जड असेल तर आधी, कारण त्याच वेळी तळाला साचलेला क्षारांचा थरही काढता येतो. टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून कोणी तो बुजवला असेल तर आजच मोकळा करून घ्या. वाढलेला दाब बाहेर पडायची ती शेवटची वाट असते. एसीची पाणी बाहेर सोडणारी नळीही गाळाने तुंबते, आणि मग ते पाणी घरात भिंतीवरून उतरतं. फिल्टर धुताना तिच्याकडे एक नजर टाका.

तापलेला स्विच

विजेचं काम स्वतः उघडू नये. पण ओळखता नक्की यावं. इथे एका गैरसमजामुळे माणसं निर्धास्त राहतात, की काही बिघडलं तर एमसीबी, म्हणजे पेटीतला आपोआप बंद होणारा खटका, पडेलच.

एमसीबी मोजते विद्युतप्रवाह. तो मर्यादेबाहेर गेला की ती पडते. सैल झालेल्या सांध्यात प्रवाह वाढत नाही, त्यामुळे तिला काहीच कळत नाही. वाढतो तो सांध्याचा रोध, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. १० अँपिअर खेचणारं यंत्र आणि सांध्यावर अर्ध्या ओहमचा रोध, की १० गुणिले १० गुणिले ०.५, म्हणजे ५० वॅट. सोल्डरिंगच्या कांडीएवढी उष्णता, भिंतीतल्या एका प्लास्टिकच्या डबीत, तासन्‌तास. प्लास्टिक वितळतं, तांबं काळवंडतं, रोध आणखी वाढतो. सळईचीच गोष्ट पुन्हा, फक्त काही महिन्यांत घडणारी.

हे हाताला आणि नाकाला कळतं. जड यंत्र अर्धा तास चालल्यावर प्लग काढण्याआधी स्विचबोर्डच्या पुढच्या बाजूला हाताची मागची बाजू लावून पाहा. कोमट ठीक, हात मागे घ्यावासा वाटला तर ठीक नाही. प्लगच्या पिनेभोवती तपकिरी डाग, जळकट माशासारखा वास, बोर्डातून कडकड आवाज, दुसरं यंत्र लावताच दिवा मंदावणं, यांपैकी काहीही दिसलं तर तो पॉइंट वापरणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. वितरण पेटीतले स्क्रू काही वर्षांनी सैल होतात, ते वीज बंद करून त्याच्याकडून आवळून घ्यावेत.

पेटीत आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा खटका, असेल तर तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. घरात वापरतात ती बहुधा ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडते, माणसाचा जीव वाचवण्यासाठी. दर तीन महिन्यांनी ते बटण दाबा. वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर ती पेटीत नुसती बसलेली आहे, राखण करत नाही.

लाकूड आणि वाळवी

लाकूड २० टक्क्यांपेक्षा कमी ओलसर राहिलं तर ते कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. म्हणजे दार-चौकटी वाचवायच्या तर त्यांच्या खालच्या टोकांना पाणी लागू द्यायचं नाही, रंग उडाला तर तेवढाच लगेच लावायचा. टोकाच्या कापावर रंग सर्वांत आधी, कारण लाकूड पाणी पितं ते तिथूनच. जमिनीतून येणारी वाळवीही ओलीच्या मागे येते. भिंतीच्या पायथ्याशी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर एक मधोमध थोडी तोडा. आठवड्याभरात ती पुन्हा जोडली गेली, तर वसाहत जिवंत आहे आणि कीड-नियंत्रणवाल्याला बोलवायला हवं. नुसत्या नळ्या झाडून टाकल्याने काही साधत नाही, राणी दुसरीकडेच असते.

तडा बघायचा कसा

भिंतीला तडा दिसला की घाबरायला होतं, आणि घाबरून आपण तो लगेच बुजवतो. त्यापेक्षा त्याला थोडा वेळ द्या. प्लास्टरवरच्या कोळिष्टकासारख्या केसाएवढ्या तडा बहुतेक वेळा वाळताना प्लास्टर आक्रसल्याच्या असतात. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा जाणारा, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता तडा मात्र पाया हलल्याची खूण असू शकतो. तुळईच्या किंवा स्लॅबच्या खालच्या अंगाला सळईच्या रेषेत सरळ तडा आणि त्यातून तांबूस डाग उतरलेला असेल, तर आत गंज सुरू आहे. तिथे वाट पाहायची नाही. नाण्याने किंवा लाकडी मुठीने हलकं ठोकून पाहा. भरीव जागा टणक वाजते, सुटलेली जागा मडक्यासारखी पोकळ. पोकळ वाजणाऱ्या छताखालून आधी पलंग हलवा, मग बांधकाम अभियंत्याला फोन करा.

बाकीच्या तडांसाठी पेन्सिल पुरते. तडाच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, मोजपट्टी धरून फोटो काढा. तडा त्या रेघांपुढे गेला किंवा रुंदावला तर तो जिवंत आहे, आणि आधी कारण शोधायला हवं. वर्षभर, सगळे ऋतू जाऊन, तिथेच राहिला तर बुजवून टाका.

घर बघायची सर्वांत चांगली वेळ मात्र कोरड्या रविवारी सकाळची नसते. पाऊस जोरात कोसळत असताना छत्री आणि टॉर्च घेऊन घराभोवती एक फेरी मारा, आणि आत येऊन वरच्या मजल्याची छतं बघा. कुठली पन्हळ ओसंडते, कुठल्या खिडकीखाली पाणी भिंतीला चिकटून उतरतं, अंगणात पाणी कुठल्या बाजूला सरकतं, हे त्या पंधरा मिनिटांत जेवढं कळतं तेवढं उन्हात तासभर फिरूनही कळत नाही. जे दिसेल त्याचा फोटो काढा. दुरुस्तीला येणारा माणूस बहुधा कोरड्या दिवशीच येतो, आणि त्याला दाखवायला तुमच्याकडे तेवढंच असतं.

त्या कोसळलेल्या छताची दुरुस्ती झाली त्याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही त्या कोपऱ्याच्या कडेने पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवली आहे आणि दर पावसानंतर पलंगावर उभं राहून ती बघतो. अजून तिच्या आत काही पिवळं झालेलं नाही.